पाच देश, दोन हस्ताक्षरं

मांजरी बुद्रुकमधल्या एका घरात लांबट, कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल आला-गेला लिहायला वापरतात, तशी. तिच्यात निळ्या शाईनं एक मोटरसायकलचा प्रवास लिहिलेला आहे. बुडापेस्टहून निघायचं, रोमानियात शिरायचं, पुन्हा हंगेरीला शिवून स्लोव्हाकिया, पोलंड, चेकिया करत परत बुडापेस्ट. 18 ऑगस्ट ते 7 सप्टेंबर 2026, सुमारे 3,700 किलोमीटर. लिहिणारे आमचे स्नेही साखर कारखान्यांच्या यंत्रांत आयुष्य काढून निवृत्त झालेले. मागच्या सीटवर वहिनी. शाईच्या ओळींच्या कडेनं पेन्सिलीची बारीक अक्षरं आहेत, ती त्यांची. प्रवास व्हायचा तेव्हा होईल. मी या वहीच्याच प्रेमात आहे. काही माणसं रागाची बंदिश कागदावर वाचूनही डोलतात, त्यातला प्रकार म्हणा.

सुरुवात तारखांपासून करू, कारण खरी कारागिरी तिथूनच आहे. रोमानियातला ट्रान्सफागाराशान हा घाट साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो, एरवी बर्फाखाली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत निम्मा युरोप सुट्टीवर, म्हणजे गर्दी आणि चढे भाव. सप्टेंबर सरताना उंचावरची हवा भरवशाची राहत नाही. उरतो तो ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीचा पट्टा, आणि नेमका तोच एरवी गणपतीच्या तयारीत जातो. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती. त्या वर्षी हा प्रवास घरात कुणाला बोलूनही दाखवता आला नसता. 2026 मध्ये मात्र अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरवर गेली. स्नेह्यांनी पंचांग आणि कार्पेथियनचा बर्फ एकाच पानावर मांडून मधली फट शोधली आहे. गाडी परत केल्यावर बरोबर आठवड्यानं गणपती. मूर्ती आणायला घरधनी हजर.

या तारखांत आणखी एक बारकावा दडलेला आहे. 20 ऑगस्ट हा हंगेरीचा राष्ट्रीय सण. त्या दिवशी बुडापेस्टमध्ये दुकानं बंद आणि दान्यूबच्या काठावर आतषबाजी पाहायला उसळलेली गर्दी. वहीत गाडी 18 ला ताब्यात येते आणि 19 ला सकाळी शहराबाहेर पडते. कुठेही ‘सण आहे म्हणून लवकर निघणे’ असं लिहिलेलं नाही. नुसती तारीख आहे. ज्याला कळेल त्याला कळेल.

18 ची दुपार तर मला सगळ्या वहीत सर्वांत देखणी वाटते. गाडी हातात आल्यावर त्यांनी फक्त चाळीस किलोमीटर लिहिलेत: नदीकाठानं सेंटेंद्रेपर्यंत जायचं आणि परत. सामान हॉटेलात, वहिनी हॉटेलात. हा फेरफटका गावं पाहायला नाही, अंगाला उजवी बाजू शिकवायला आहे. आपण रस्त्याच्या डावीकडून चालवणारी माणसं. चौकात चुकू नये हे सगळेच सांगतात. पण वहीतली ओळ त्यापुढची आहे: ‘घाटातलं आतलं वळण आता उजवं.’ दिवे घाट चढताना आवळ वळण येतं ते डाव्या हाताला, कारण आपण रस्त्याच्या त्या कडेला असतो. आयुष्यभर गाडी अगदी हळू वाकवण्याची सवय मनगटाला आणि कमरेला त्या बाजूची. तिकडे तेच आवळ वळण उजव्या हाताला येणार, मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. हे घाटात पोचल्यावर उमगलं तर उशीर झालेला असतो. त्यांना ते मांजरीत, टेबलाशी बसून उमगलं.

गाडी भाड्याची आहे, आणि हा निर्णय एका पानात मिटवलाय. स्वतःची गाडी रस्त्यानं न्यायची तर पाकिस्तान आणि इराण, नाहीतर नेपाळमार्गे चीन. सीमेवरच्या जकातीसाठी कार्नेची कागदपत्रं, त्यामागची मोठी अनामत, चीनमध्ये सक्तीचा वाटाड्या. विमानानं पाठवली तर खर्च भाड्यापेक्षा कमी होत नाही, उलट वाढतो. तिशीतल्या पोरांनी ते जरूर करावं. इथे हवी होती 650 सीसीची, दोन सिलिंडरची, मागे बसणाऱ्याला ऐसपैस जागा असलेली सुझुकी व्ही-स्ट्रॉम, आणि ती तिथेच मिळते. पण भाड्याच्या कराराचं वाचन मात्र साखर कारखान्याच्या माणसाचं. टायर, आरसा, क्लचची दांडी विम्यात येत नाहीत, म्हणून हात लावायच्या आधी चारही बाजूंनी फोटो. जायच्या पाचही देशांची नावं करारात लेखी. ‘तोंडी चालणार नाही’ याखाली दोन रेघा. निविदा उघडणाऱ्या माणसाचं अक्षर असं रस्त्यावर उतरलेलं पाहिलं की मजा येते.

आता वाट. नकाशावर बोट ठेवलं की पहिला मोह सर्बियाचा: बुडापेस्टहून बेलग्रेड जवळ, दान्यूब सोबतीला. वहीत बेलग्रेड लिहून खोडलेलं दिसतं. कारण साधं आहे. हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकिया, पोलंड आणि चेकिया हे पाचही शेंगेनमध्ये. रोमानियाच्या जमिनीवरच्या सीमा 1 जानेवारी 2025 पासून खुल्या झाल्या. म्हणजे एकदा आत शिरलं की पुढे कुठेही शिक्का नाही, रांग नाही, एकदाच प्रवेश देणारा व्हिसाही पुरतो. सर्बिया घातला की बाहेर पडून पुन्हा आत यायचं, दुसरा प्रवेश हवा, विम्याचा कागद वेगळा. एका सुंदर शहरासाठी सगळी वीण उसवायची का? त्यांनी नाही म्हटलं. आणि व्हिसाचा अर्ज कुठे? उतरायचं हंगेरीत, म्हणून नव्वद टक्के लोक हंगेरीकडे धावतील. नियम सांगतो, सर्वांत जास्त मुक्काम जिथे, अर्ज त्या देशाकडे. वहीत रोमानियाच्या रात्री मोजल्यात: 19 पासून 28 पर्यंत दहा. दुसऱ्या कुठल्याही देशात त्याच्या जवळपासही नाहीत. अर्ज रोमानियाकडे. हिशेब इतका स्वच्छ की खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यालाही प्रश्न विचारायला जागा उरू नये.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, वही म्हणजे नुसती कागदपत्रांची मोट आहे. तसं नाही. 24 ऑगस्टचं पान उघडा.

ट्रान्सफागाराशान 1970 ते 1974 या काळात रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या हुकमावरून सैन्यानं खोदला. 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसलेले पाहून त्याला डोंगरापार झटकन सैन्य नेता येईल असा रस्ता हवा होता. आज त्याच रस्त्यावर युरोपभरचे मोटरसायकलवाले रांग लावतात. माथ्यावर 2,042 मीटरला बोगदा आणि बाल्याचं तळं. बहुतेक लोक हा घाट आरपार करतात. वहीत तो आरपार नाही. सिबिउमध्ये मुक्काम, उत्तरेकडून चढायचं, बोगदा ओलांडून पलीकडे एकदा डोकावायचं आणि आल्या वाटेनं उतरायचं. पहिल्यांदा वाचताना मला हे थोडं घाबरटपणाचं वाटलं. मग कारणं दिसू लागली. प्रसिद्ध वळणांची जी माळ आहे ती उत्तरेच्या अंगाला. दक्षिणेकडे विद्रारु धरणापर्यंत लांबलचक जंगल, आणि त्या जंगलात रस्त्यावर खाणं मागायला येणारी अस्वलं. 2025 च्या जुलैत या रस्त्यावर अस्वलाच्या हल्ल्यात एक इटालियन मोटरसायकलस्वार दगावला. जंगल गाळलं तर गमावलं काय? चढताना पाहिलेली वळणं उतरताना पुन्हा मिळतात, उलट्या उजेडात.

वार सोमवार. शनिवार-रविवारी हा घाट म्हणजे जत्रा. रात्री नऊ ते सकाळी सात वाहनांना बंदी असते, म्हणून सिबिउहून पहाटे निघून सातच्या आसपास पायथ्याशी. पर्यटकांच्या बसेस न्याहारी आटोपून निघेपर्यंत हे दोघं माथ्यावर. आणि आदल्या रविवारी गाडी सिबिउत उभी, म्हणजे अंग ताजं. पाहा, एका सकाळच्या तीन तासांसाठी मागच्या सगळ्या मुक्कामांचे वार सरकवलेले आहेत. क्लुझला शुक्रवारी एक दिवस जास्त का थांबायचं, याचं उत्तर क्लुझमध्ये नाही, या सोमवारात आहे. समेवर यायचं तर मात्रा आधीपासून मोजाव्या लागतात.

दुसऱ्या दिवशीचा ट्रान्सअल्पिना त्याहून उंच, उर्देले खिंडीत 2,145 मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे पाचशे मीटर वर, आणि तेही डांबरी रस्त्यानं. याला नाव कमी, गर्दी कमी. वहीत यापुढे एकच शब्द: ‘सावकाश.’ शेजारी पेन्सिलीनं: ‘पहिल्या दिवशीसुद्धा.’

पेन्सिलीबद्दल आता थोडं सांगायलाच हवं. शाई अंतर, तास, रुपये बोलते. पेन्सिल भूक, धुणं आणि पाठ. क्लुझच्या दिवशी तिनं ‘कपडे धुणे, दुपारी झोप’ लिहिलंय. सामानाच्या यादीत शाईनं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तुपाची बरणी लिहिली होती. तूप पेन्सिलीनं खोडलेलं. युरोपीय संघाबाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला सोबत नेता येत नाहीत, हे शाईला ठाऊक नव्हतं. पेन्सिलीला होतं. कुठून कळलं विचारलं तर वहिनी म्हणाल्या, “अहो, तुमचे मित्र घाटाची उंची वाचतात, मी मागचं पान वाचते.”

बारीकसारीक टिपांचं एक पान आहे, त्यातल्या दोनच सांगतो. पेट्रोल पंपावर पाच भाषा. नळीच्या रंगावर विसंबायचं नाही. पण युरोपात 2018 पासून इंधनाच्या नळीवर आकाराची खूण असते: पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत त्यांनी एक वर्तुळ काढून त्यात E10 लिहिलंय आणि शेजारच्या चौकोनावर फुली मारलीय. दुसरी टीप टोलची. पाचांपैकी रोमानिया, स्लोव्हाकिया आणि चेकिया दुचाकीला टोलचा परवाना मागत नाहीत, हंगेरी मागते. त्यामुळे हंगेरीतल्या तीन तुकड्यांचाच हिशेब. आणि चलनं पाच: फोरिंट, लेउ, युरो, झ्लॉटी, कोरुना. उरलेले लेउ सीमेअलीकडच्या शेवटच्या पंपावर टाकीत ओतायचे. वीस लिटरची टाकी भरली की खिसाही मोकळा.

आता 28 आणि 29 ऑगस्ट. नारळी पौर्णिमेच्या दिवशी ते मारामुरेशमधल्या सापंत्सा गावी. तिथली दफनभूमी निळ्या रंगाच्या कोरीव लाकडी क्रूसांची. स्तान इओआन पत्राश नावाच्या कारागिरानं 1930 च्या दशकात सुरू केलेली. प्रत्येक क्रूसावर मेलेल्या माणसाचं चित्र आणि त्याच्याच तोंडची खट्याळ ओवी: दारू प्यायलो, सासूनं छळलं, गाडीखाली आलो. गावापासून तिसा नदी हाकेच्या अंतरावर, पलीकडचा काठ युक्रेनचा. वही तिथे थांबते आणि वळते. पण नदीला सोडत नाही. ही तिसा त्यांनी पहिल्याच दिवशी सोल्नोकच्या पुलावर ओलांडलेली असते. सापंत्सानंतर दुसऱ्या दिवशी हंगेरीतल्या टोकायला ती पुन्हा भेटते, बोद्रोगच्या संगमावर. नदीनं तीनदा भेट द्यावी अशी वाट आखणं योगायोगानंही घडू शकतं, पण तिन्ही ठिकाणी वहीत छोटी लाटेची खूण आहे. तेव्हा योगायोग नाही.

टोकाय मांजरीच्या माणसाला का हवं, हे सांगायला नको. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून मांजरीत आहे. इथल्या बागाइतदाराला बुरशी म्हणजे केवडा आणि भुरी, फवारणीचा पंप आणि झोपेचं खोबरं. टोकायला मात्र दोन नद्यांचं शरदातलं धुकं द्राक्षावर बुरशी धरवतं, मणी सुकून गोड होतात आणि त्यांचीच जगप्रसिद्ध वारुणी. खोल तळघरांच्या भिंतींवरही काळ्या बुरशीचा जाड थर, आणि तो कुणी पुसत नाही. हे पाहायचं आहे. आता पानाची रचना पाहा. रोमानियाचं घड्याळ हंगेरीच्या एक तास पुढे. सीमा ओलांडली की तो तास परत मिळतो, म्हणून सव्वादोनशे किलोमीटरचा दिवस असूनही चारच्या आत टोकाय. दुसरा दिवस गाडी उभी. का उभी? हंगेरीत चालकाच्या रक्तात मद्याचा अंशही चालत नाही, आणि रात्रीचा पेला सकाळीही रक्तात सापडू शकतो. एका पेल्यासाठी पूर्ण रविवार राखून ठेवलेला! एवढ्या काटेकोर रसिकतेला मी मनातल्या मनात टाळी दिली, तोवर कडेची पेन्सिल दिसली: ‘श्रावण आहे.’ त्याखाली शाई: ‘वास तरी?’ त्याखाली पेन्सिल: ‘आपली मांजरी मेडिका बरी.’ मेडिका हे याच केंद्रानं काढलेलं, रसासाठीचं लालबुंद द्राक्ष. रविवार मात्र दोघांनीही खोडलेला नाही.

क्राकूवला एक रात्र, ट्रामच्या ओल्या रुळांबद्दल एक सूचना: आडवे ओलांडा, तिरके नको. मग वॉर्सा. इथे शाई आवरती आहे आणि पेन्सिल बोलकी, कारण वहिनींचं माहेर कोल्हापूरकडचं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघात हद्दपार झालेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका-मुलं, कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिले. छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले, तेच आजचं गांधीनगर. वॉर्सात कोल्हापूरचं ऋण मानणारं स्मारक आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. शहरात भल्या महाराजाच्या नावाचा चौकही आहे, पण तो महाराजा नवानगरचे जामसाहेब, बालाचडीच्या छावणीचे. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात. वहीत दोन्ही ठिकाणं वेगळ्या ओळींवर, वेगळ्या वेळी. कोल्हापूरच्या ओळीपुढे पेन्सिल: ‘फुलं मी घेईन.’

पोलंडहून परतताना वही आपला धंदा आठवते, आणि त्यातला विनोद मला फार आवडतो. जगातला बीटपासून साखर काढणारा पहिला कारखाना फ्रान्झ कार्ल आखार्डनं 1801-02 मध्ये सायलेशियातल्या कुनर्नला उभारला. आज ते व्रोत्स्वाफच्या वायव्येचं कोनारी. कारखाना काही वर्षांत जळाला. पाहायला उरलंय काय, तर शेतं. तरीही वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या शेजाऱ्यानं त्यासाठी वाकडी वाट केली आहे. पुढे चेकियात दाचित्से. तिथल्या साखर कारखान्याचा व्यवस्थापक याकोब क्रिस्तोफ राड यानं 1843 मध्ये साखरेच्या चौकोनी खड्यांचं पेटंट घेतलं. तेव्हा साखर ढेपेच्या सुळक्यात मिळे. ती फोडताना त्याच्या बायकोचं बोट कापलं आणि तिनंच वड्यांची कल्पना सुचवली, असं सांगतात. गावात शुभ्र ग्रॅनाइटचा एक घन हे त्याचं स्मारक. वहीत वेळ दिलीय पंधरा मिनिटं. बरोबर तेवढीच पुरते.

एका ठिकाणी मात्र माझं त्यांच्याशी पटत नाही. प्रागच्या दक्षिणेला टिनेत्स नाद साझावोउ, जावाचं गाव. स्नेह्यांची पहिली गाडी येझदी, म्हैसूरच्या आयडियल जावाची. जावाच्याच वंशातली. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर: किक मारायची, दांडा आत दाबून फिरवायचा, तोच गिअर. ज्यानं हे एकदा केलंय त्याच्या डाव्या पायाला ते मरेपर्यंत आठवतं. एवढ्या प्रेमाच्या गावाला वहीत वार आला आहे शनिवार. कारखान्याचं फाटक बंद असणार. सोमवारासाठी इतकं सरकवणाऱ्या माणसानं इथे एक दिवस सरकवू नये?

सरकवता येत नाही, त्याचं कारण 4 सप्टेंबरच्या पानावर आहे. वॉर्सा ते व्रोत्स्वाफ 350 किलोमीटर, सगळ्या वहीतला सर्वांत लांब दिवस. शाई: ‘एक्स्प्रेसवे आहे, जमेल.’ पेन्सिल: ‘अहो, कुणाला?’ त्यावर शाईनं वुचमध्ये एक रात्र घालून दिवस दोन केले, तर टिनेत्स रविवारवर गेलं, 7 तारखेला बुडापेस्ट गाठणं अवघड झालं, आणि ती रात्र पुन्हा खोडली. खोडलेल्या जागेवर पेन्सिलीनं ‘वुच’ परत लिहिलंय, जरा जोर देऊन. दाचित्सेवर एक हलकी फुली आहे, तीही आता अर्धी पुसलेली. परवा पाहिलं तेव्हा शाईची नवी ओळ आली होती: ‘कोनारी गाळलं तर?’ पेन्सिलीचं उत्तर अजून यायचं आहे.